टाइपरायटर घाट चढतो

दौलताबादची सीताफळं औरंगाबादच्या गुलमंडीवर आली की आधी नाकाला कळतं, मग अंगठ्याला. डोळ्यांवर मी या बाबतीत फारसा विश्वास ठेवत नाही. फळाचे डोळे उघडलेले दिसतात, रंग उतरलेला दिसतो, आणि घरी आणून पाहावं तर आत दगड. हातात घेतल्यावर मात्र फळ खोटं बोलत नाही. अंगठ्याखाली ते किंचित दबतं आणि दबता दबता थांबतं. त्यापुढं दाबलं तर टोपलीमागची बाई गप्प बसत नाही. "ओ काका, फळ हाय ते, दारावरची बेल नाय," असं यंदा मला ऐकावं लागलं. मी मुकाट्यानं पिशवी पुढं केली.

पुंडलिकनगरला घरी पोचेपर्यंत रिक्षा त्या वासानं भरून गेली. दुसऱ्या कुणाला या वासानं आजोळ आठवत असेल, शाळेची सुट्टी आठवत असेल. मला इंजिन ऑइल आठवतं. तापलेलं, काळपट, घशाशी जरा कडवट लागणारं, आणि त्यात मिसळलेला कोऱ्या कापसाचा आणि चुलीतल्या राखेचा वास. हे मिश्रण विचित्र आहे हे मला मान्य आहे. पण एका हंगामानं ते माझ्या नाकात असं कालवून ठेवलंय की इतक्या वर्षांत ते वेगळं करता आलेलं नाही.

तो हंगाम दसऱ्यापासून कार्तिकापर्यंतचा. पोलीस अॅक्शनला दहा-बारा वर्षं उलटली होती. मी नुकताच कॉलेजात इतिहास शिकवायला लागलो होतो आणि गुलमंडीमागच्या गल्लीत नमाआत्याकडं राहत होतो. नमाआत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. तिचे यजमान शहरातले नावाजलेले वकील. त्यांना घरातसुद्धा सगळे वकीलसाहेबच म्हणत, आत्यासुद्धा. मला तर शंका आहे, मनातल्या मनात ते स्वतःलाही तीच हाक मारत असावेत.

शहरात तेव्हा रुबाबाची टंचाई नव्हती, फक्त त्याचे मालक बदलत होते. एका जहागीरदारांची जहागीर सरकारजमा झाली, नुकसानभरपाई मिळाली, आणि त्या भरपाईतून त्यांनी काय घेतलं, तर एक लांबलचक अमेरिकन मोटार. गेल्या वैभवाचा शोक करावा तर असा. पुढं जहागीरदार वारले, मुलं हैदराबादला गेली आणि मोटार वकीलसाहेबांकडं आली. दुधात हिरवा रंग सांडावा तशी छटा, पुढं क्रोमचे दात विचकलेली जाळी, आणि रुंदी अशी की ती आमच्या गल्लीत शिरेना. म्हणून ती पैठण गेटजवळच्या एका लाकडाच्या वखारीत उभी राहायची. स्वतःच्या वाहनापर्यंत वकीलसाहेबांना पायी जावं लागे. मागं छत्री धरायला कारकून असे, त्यामुळं ते चालणंही मिरवणुकीतच जमा होई.

या रुबाबाला एकच खोट होती. गाडी वाजायची. बॉनेटखालून टकटक, टकटक, टकटक. गाडी पळाली की टकटक पळायची, गाडी थांबली की जागच्या जागी नाचायची. कोर्टाबाहेर लिंबाखाली टंकलेखक अर्ज बडवत बसायचे, हुबेहूब तसा आवाज. पोरांनी तिचं नाव टाइपरायटर ठेवलं. शहरातल्या यच्चयावत पोरांनी ते एकमतानं मंजूर केलं. पुढं एका अशिलानंच भाबडेपणानं विचारलं, "साहेब, अर्ज गाडीतच टाइप करता व्हय?" त्या दिवसापासून वकीलसाहेबांनी गाडीत बसणं सोडलं. ड्रायव्हरही लोकांच्या हसण्याला कंटाळून एसटीत भरती झाला. उरली नमाआत्या.

कारण आत्या गाडी चालवायची.

वैजापूरकडच्या खेड्यात लहानपणी ती वडिलांची दमणी हाकत असे. बैलांचे कासरे हातात धरून तालुक्याच्या बाजाराला जात असे. लग्न होऊन शहरात आली आणि कासरे सुटले. नंतर तिच्या हातात किल्ल्या आल्या, पळ्या आल्या, पाहुण्यांसमोर धरायचे ट्रे आले. वळवता येईल असं काही आलं नाही. गाडी रोज फिरवली नाही तर बॅटरी उतरते, एवढ्या निमित्तानं ती शिकली. सकाळी छावणीतल्या रिकाम्या रस्त्यांवर आम्ही निघायचो. मी शेजारी बसून काचेवरचं दव पुसायचो. कडुनिंबांच्या सावल्या बॉनेटवरून सरसर सरकायच्या. आत्या डोक्यावरचा पदर मागं कानाशी खोचायची आणि गुणगुणायला लागायची. घरात मी तिला कधी गुणगुणताना ऐकलं नाही.

"इथं मला कुणी वकिलीणबाई म्हणत नाय बघ," ती एकदा म्हणाली.

"इथं आहेच कोण आत्या? झाडं."

"तेच म्हणते मी. झाडं लई शहाणी."

आता माझी नात गाडी चालवते, तिच्या विजेवरच्या गाडीला तर इंजिनच नाही. ती येते तेव्हा मला टायरखालचे खडे ऐकू येतात, बाकी काही नाही. शेजारच्या गल्लीत मात्र कुणाच्या ना कुणाच्या मिरवणुकीत ध्वनिवर्धकांच्या भिंती चालत असतात, माझ्या कपाटातल्या बश्या त्यावर ताल धरतात. आवाजाचं आपल्याकडं असं आहे: यंत्रानं केला तर बिघाड, माणसानं केला तर उत्सव.

त्या कार्तिकात कुणी एक बडे पाहुणे वेरूळची लेणी बघायला यायचे होते. घाट चढून गेल्यावर खुलताबादेत त्यांच्या स्वागताचा मंडप ठरला. स्वागत समिती झाली. तिच्यात उपाध्यक्ष इतके नेमले गेले की साध्या सदस्यांची वानवा पडली. वकीलसाहेब उपाध्यक्षच. आणि उपाध्यक्षानं एसटीतून उतरून मंडपात शिरणं शोभेना. इकडं एका थिएटरच्या मालकांचा, शेठजींचा, गाडीवर डोळा होता. दोन्ही अंगांना सिनेमाचे फलक, टपावर भोंगा, आणि गल्लोगल्ली जाहिरात, असा त्यांचा बेत.

वकीलसाहेबांनी जेवताना निकाल दिला. "समारंभाच्या दिवशी गाडी घाट चढून, गपगुमान चढून, मंडपापर्यंत गेली तर ठेवू. नाही तर दुसऱ्या दिवशी शेठजींना देऊन टाकतो. लोकांनी हसावं म्हणून मी गाडी पाळलेली नाही."

आत्या भिंतीशी बसून वाती वळत होती.  निकाल ऐकून बोटातली वात तेवढी तुटली.

त्या वर्षी आत्यानं लक्षवातीचा नेम धरला होता. देवापुढं लाख वाती लावायच्या, त्याही स्वतःच्या हातानं वळलेल्या. माहेराहून कापसाचं बोचकं आलं होतं, नव्या वेचणीचं, सरकीसकट. ती सरकी काढायची, पेळू ओढायची, राखेच्या वाटीत बोटं टेकवायची आणि अंगठा न् दोन बोटांत कापूस फिरवायची. दोन-तीन वळणांत पीळ बसायचा आणि बोटं आपोआप थांबायची. मी नवसाबद्दल विचारलं तर म्हणाली, "नवस कसला रे. वाती वळत बसलं की कुणी काम सांगत नाय. देवाचं चाललंय म्हणून दबकून असतेत सगळे." माझ्या इतिहासाच्या पुस्तकांत धर्माच्या सामाजिक उपयोगावर इतकं थोडक्यात कुणी लिहिलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती मला घेऊन जुन्या बाजारात कादरभाईंच्या गॅरेजात गेली. तिला गाडी शिकवली ती कादरभाईंनीच. ते निजामाच्या काळात मोटार डेपोत तयार झालेले. अॅक्शननंतर डेपोवरच्या पाट्या बदलल्या, कामाच्या चिठ्ठ्या उर्दूऐवजी इंग्रजीत यायला लागल्या, तेव्हा ते बाहेर पडले. "गाडी कू क्या मालूम चिठ्ठी कौनसी जबान में है," असं म्हणायचे. नम्रता हा त्यांचा दोष नव्हता. "औरंगाबाद में कोई भी इंजिन खाँसा ना, मेरे कू छींक आती," हेही त्यांचंच.

"बाईसाब, तीन गॅरेज हार गये इस टाइपरायटर के सामने," ते म्हणाले, "अबी मेरी बारी. मैं हारा तो मूँछ उतारूँगा."

"मिशी ठेवा कादरभाई. मला गाडी पाहिजे."

इथं थोडं इंजिनाबद्दल सांगायला हवं, आणि मला ते सांगायला आवडतं. इंजिनात व्हॉल्व्ह असतात, म्हणजे उघडझाप करणारी दारं. खालून एक उभी सळई, पुशरॉड, वर उचलली जाते; ती वरच्या रॉकरला ढकलते; रॉकर तराजूच्या दांडीसारखा कलतो आणि व्हॉल्व्ह उघडतो. लोखंड तापलं की वाढतं. म्हणून रॉकर आणि व्हॉल्व्ह यांच्यामध्ये बारीकशी फट ठेवायची, पोलादाची पातळ पट्टी सरकवून ती तपासायची, हे साऱ्या मिस्त्र्यांचं बाळकडू. कादरभाईंच्या उस्तादांची तर पहिली शिकवणच ती: "व्हॉल्व्ह कू साँस लेने दे." शहरातल्या जीपा, लॉऱ्या, बसगाड्या, सगळ्या या फटीवर चालत होत्या.

आणि नुसत्या गाड्याच नाही. त्या वर्षांत अख्खं शहर फट राखून चालत होतं. कुणाला किती वाकून सलाम करायचा, कुणाच्या ओट्यावर किती वेळ बसायचं, जुन्या साहेबाला नव्या साहेबासमोर काय म्हणायचं, याचा प्रत्येकाजवळ अंदाज होता. थोडं अंतर ठेवलं की घासत नाही, तापलं तरी अडकत नाही. लोक म्हणायचे, आता सगळं सुरळीत आहे. मी इतिहासाचा माणूस. मला ती टकटक ऐकू यायची. पण रूपकं फार ताणू नयेत. इंजिनाला ती आवडत नाहीत.

कादरभाईंनी वखारीत येऊन वरचं झाकण काढलं, पट्टी सरकवली, फट नीट बसवली. गाडी सुरू केली. टकटक. फट कमी केली. टकटक. पुन्हा सगळं मोजून बसवलं. टकटक, आणि आता जरा जास्तच उत्साहात. वखारीतले हमाल येऊन हसून गेले. मिशीला पीळ देणं कादरभाईंनी त्या दिवसापुरतं थांबवलं.

शेवटी चिडून त्यांनी सळईखालचा डबीसारखा भाग, लिफ्टर, बाहेर काढला. बाकीच्या गाड्यांत तो भरीव लोखंडाचा असतो. हा हातात घेतल्यावर त्यांनी अंगठ्यानं दाबला आणि त्यांचे डोळे विस्फारले. तो आत दबला. सोडला तर वर आला. आत दट्ट्या, दट्ट्याखाली स्प्रिंग आणि तेलाची जागा.

"अरे! ये तो पोला है!" कादरभाई त्या डबीकडं अशा नजरेनं बघायला लागले, जणू तिनं त्यांच्या खानदानाबद्दल काही म्हटलं होतं. मग हळूहळू त्यांच्या तोंडावर हसू आलं. "समजा क्या प्रोफेसर? इस में तेल भरता. तेल का दट्ट्या ऊपर आ को फट अपने आप भर देता. अपन ऊपर से और फट रख रहे, तो वो बिचारा हाथ ऊँचा करको खड़ा है, और पहुँचताच नई. इसलिए बजता!"

म्हणजे चूक कुणा अडाण्याची नव्हती. चूक चांगल्या शिकवणीची होती. या भागातल्या प्रत्येक कसलेल्या मिस्त्र्यानं ती केली असती, आणि केलीच होती. कच्चा माणूस फट ठेवायला विसरला असता आणि गाडी कदाचित गप्प झाली असती.

मग कादरभाईंनी जे केलं ते शहाणा माणूस मत बदलल्यावर नेहमी करतो. ते दुसऱ्या टोकाला गेले. फट नको म्हणजे मुळीच नको. रॉकरचे स्क्रू त्यांनी असे आवळले की पान्याला घाम फुटावा. गाडी सुरू व्हायला कुरकुरली, पण झाली. आणि टकटक गेली होती. आत्या छावणीत एक चक्कर मारून आली. वकीलसाहेब पुन्हा मागच्या सीटवर बसून गुलमंडीच्या तोंडापर्यंत आले. मिशीला पीळ परत आला.

"आता घाट," आत्या म्हणाली.

दुपारचं ऊन होतं, पण कार्तिकाच्या तोंडाचं, अंगाला न टोचणारं. पडेगाव, शरणापूर, दोन्ही बाजूंनी कापणीला आलेली ज्वारी, कापसाचे पांढरे ठिपके. दौलताबादेत किल्ल्याच्या कमानीतून गाडी अंग चोरून बाहेर पडली. सीताफळांच्या पाट्या रांगेनं मांडलेल्या. मग घाट लागला. पहिलं वळण ठीक गेलं. दुसऱ्या वळणावर गाडीला दम लागला. आत्यानं गिअर खाली घेतला. इंजिन खोकलं, फटकन एक बार काढला, आणि जहागीरदारांची ती मोटार एखाद्या म्हाताऱ्या नवाबासारखी रस्त्याच्या कडेला मान टाकून उभी राहिली. तापल्यावर लोखंड वाढलं होतं आणि आवळून धरलेले व्हॉल्व्ह पुरते मिटतच नव्हते. दारं किलकिली राहिली आणि सगळा जोर त्यातून गळून गेला.

कापसाची गाडी घेऊन वर जाणारा एक शेतकरी थांबला. त्यानं क्रोमच्या जाळीकडं, मग आत्याकडं बघितलं.

"आक्का, हिचं तोंड लई मोठं अन् दम लई कमी. बैल लावू का?"

"लावा," आत्या म्हणाली. "पण जू असं नका बांधू, बंपर निघंल. दोर इकडून घ्या." तिनं स्वतः खाली उतरून दोर बांधून घेतला. बैलांनी ओढून गाडी उलटी फिरवली, आणि आम्ही उतारावरून बंद इंजिनानं घरंगळत दौलताबादेत आलो. तिथं इंजिन निवल्यावर सपाट रस्त्यानं गाडी कशीबशी वखारीकडं निघाली; मागच्या सीटवर कादरभाई बोटांवर स्क्रूचे फेरे मोजत होते. आत्या पुढं बघत होती. चाकावरची तिची बोटं आवळली होती, सैल होत नव्हती. समारंभ चार दिवसांवर आला होता आणि शेठजींचा पेंटर गाडीच्या दारांची मापं घेऊन गेला होता.

सकाळी आम्ही वखारीत जमलो. झाकण काढलं. कादरभाईंचं गणित आता बरोबर होतं. फट संपते ती नेमकी जागा आधी पकडायची, आणि तिथून पुढं दट्ट्या निम्मा आत जाईल एवढंच आवळायचं. म्हणजे त्याला वर यायलाही जागा, खाली जायलाही जागा. निम्मा म्हणजे स्क्रूचा एक फेरा, हे त्यांनी सुट्या डबीवर दाबून दाबून पक्कं केलं होतं. प्रश्न पहिल्या जागेचा होता. सळई चिमटीत धरून फिरवत राहायची आणि स्क्रू आवळत जायचा. फट असेतो ती मोकळी फिरते. संपली की किंचित, अगदी किंचित, जड होते. पण आत स्प्रिंग मऊ. जरा पुढं गेलं तर सळई तरीही फिरत राहते आणि नेमकी जागा निसटते.

कादरभाईंनी सळई फिरवली. पुन्हा फिरवली. हात फडक्याला पुसून बघितले. बोटांची टोकं वर्षानुवर्षांच्या लोखंडानं चामड्यासारखी झाली होती. "मेरे कू फरक लगताच नई," ते म्हणाले. मी प्रयत्न केला. मला प्रत्येक ठिकाणी ती जड वाटली, आणि प्रत्येक ठिकाणी हलकी. विचार करणाऱ्याची बोटं अशीच असतात.

आत्या बाजूच्या ओंडक्यावर वाती वळत बसली होती. तीनच दिवस उरले म्हणून तिनं नेम सोडला नव्हता. ती उठली.

"सरका."

"बाईसाब, ये ग्रीस का काम है—"

"मग चढवा तुम्ही घाट."

कादरभाई सरकले. आत्यानं कापसाच्या बोळ्यानं सळई पुसून घेतली, राखेच्या वाटीत बोटं टेकवली आणि सळई अंगठा न् दोन बोटांत धरली. कादरभाईंनी पाना लावला. मी पुढं हँडल धरून इंजिन थोडं थोडं फिरवत होतो, म्हणजे ज्याची पाळी तो व्हॉल्व्ह मिटलेला राहील. आत्या सळई फिरवायला लागली, आणि मला दिसलं की ती वात वळतेय. तीच गती, तीच मान जरा कललेली, नजर कुठंतरी भलतीकडं.

"आवळा. आवळा. अजून. हळू... थांबा!"

"यहाँ?"

"इथंच. पीळ बसला."

"पक्का?"

"कादरभाई, हजारोंनी वळल्यात म्या. बोटं खोटं सांगत नायत."

कादरभाईंनी तिथून मोजून एक फेरा दिला, नट घट्ट केला. पुढचा व्हॉल्व्ह. "आवळा... थांबा!" दोघांचा असा ठेका बसला की मधेच एकदा आत्या म्हणाली, "तुम्ही लई घाई करता, पुढं गेलं ते, मागं घ्या," आणि कादरभाईंनी, ज्यांनी डेपोच्या साहेबाचं ऐकलं नव्हतं, निमूट मागं घेतलं. लाकडाच्या भुशावरून ऊन सरकत आलं. तेल, कापूस, राख. वखारीबाहेर एक बाई सीताफळं विकत हिंडत होती. तिची हाक येऊन गेली, वास मागं राहिला. बाराही व्हॉल्व्ह झाले.

झाकण बसवलं. आत्या चाकामागं बसली, किल्ली फिरवली. टकटक, टकटक, टकटक. पूर्वीपेक्षा जास्त.  कादरभाईंनी हात वर केला. "ठैरो. तेल चढने दो." आम्ही ऐकत उभे राहिलो. आवाज विरळ झाला. घोळक्यातून माणसं एकेक करून उठून जावीत तशा टकटकी निघून गेल्या. शेवटची एक बराच वेळ रेंगाळली. मग तीही गेली.

आत्यानं आमच्याकडं बघितलं, चेहरा उतरला. तिला वाटलं गाडी बंद पडली. तिनं पुन्हा किल्ली फिरवली आणि स्टार्टर असा किंचाळला की वखारीतली कबुतरं उडाली.

"चालू है! चालू है बाईसाब!" कादरभाई दोन्ही हात हलवत ओरडले. "नक्को मारू बिचारी कू, चालू है!"

आत्यानं खाली उतरून बॉनेटवर तळहात ठेवला. आत काहीतरी जिवंत होतं, आणि ते बोलत नव्हतं. ती हसली. खूप वर्षं मी तो तळहात आठवून माझ्या विद्यार्थ्यांना सांगितलंय की पुराव्याचे प्रकार अनेक असतात.

समारंभाच्या सकाळी वकीलसाहेब अचकन घालून मागच्या सीटवर बसले. मांडीवर पाहुण्यांसाठी हाराची पेटी. शेजारी मी, पुढं कादरभाई, चाकामागं आत्या. निघण्यापूर्वी वकीलसाहेबांनी एक दुरुस्ती सुचवली. "मंडपाच्या अलीकडच्या वळणावर तू उतरायचंस, नमा. कादर गाडी आत नेईल. सगळा समाज जमलेला असतो. उपाध्यक्षाला बायको हाकते, असं दिसायला नको."

आत्यानं पदर कानाशी खोचला. हातात वात नव्हती, म्हणून काही तुटलं नाही.

दौलताबाद आलं, कमान आली, घाट आला. पहिलं वळण गेलं. दुसऱ्या वळणाला मी पुढच्या सीटची पाठ धरली. कादरभाईंचे ओठ हलत होते, बहुधा दुवा, कदाचित शिवी. गाडीनं नाक उचललं आणि वर चढायला लागली, एकसारखी, अजिबात घाई न करता. काचेबाहेर दरी खाली खाली जात होती. चढावर एक जीप तापून उभी होती, बॉनेट उघडं, वाफ निघत असलेली. आतले लोक आमच्याकडं वळून बघत राहिले, कारण आम्ही त्यांच्या इतक्या जवळून गेलो आणि त्यांना आधी काही कळलंच नाही. आत्या गुणगुणायला लागली होती. वकीलसाहेबांनी प्रथमच ऐकलं असावं. ते कुणी वेगळंच गाडीत आहे की काय अशा नजरेनं पुढं बघत होते.

माथा आला. ते वळणही आलं.

"इथं, इथं थांब," वकीलसाहेब म्हणाले. गाडी वळली, थांबली नाही. "नमा! थांब म्हणतो ना! ऐकू येत नाही का?"

"येतंय की," आत्या म्हणाली. "आता सगळं नीट ऐकू येतंय."

आणि तिनं गाडी सरळ कमानीतून आत घातली.

मंडपातल्या लोकांना दिसलं ते असं: लांबलचक मोटार, चकचकीत जाळी, कसलाही आवाज नाही. अशी गाडी पाहुण्यांचीच असणार. बॅन्डमास्तरनं हात उचलला आणि बाजा सुरू झाला. सारे उपाध्यक्ष एकाच वेळी उठले. पोरींनी फुलं उधळली. अध्यक्ष हार घेऊन लगबगीनं पुढं आले, आणि दार उघडून नऊवारी सावरत नमाआत्या खाली उतरली. हार आता गळ्याच्या उंचीला आलेला, तो मागं घेणं सभ्यपणात बसत नव्हतं. आत्यानं मान वाकवली. टाळ्या पडल्या. मागच्या सीटवर वकीलसाहेब दाराची मूठ शोधत होते.

पाहुण्यांना अजून अवकाश होता. लोकांचा गैरसमज फिटला, तसा मंडपात हशा पिकला, पण तो आता वेगळा होता. त्यात गाडी कुठं नव्हती. शेठजी गर्दीतून वाट काढत आले. "वकीलसाहेब, गाडीचं मग उद्या नक्की ना?"

वकीलसाहेबांनी खाली उतरून अचकनीवरच्या पाकळ्या झटकल्या. समोर बायको हार घालून उभी, चहूकडं लोक तिला रस्ता करून देत होते. ते जन्मभर बोलण्यावर जगलेले गृहस्थ. पण त्या दिवशी ते दोनच वाक्यं बोलले आणि ती अचूक होती.

"यांना विचारा. गाडी यांची आहे."

आत्यानं शेठजींकडं बघून मान हलवली, सावकाश, आडवी. मग हारासकट चाकामागं जाऊन बसली आणि किल्ली फिरवली. बाजा अजून चालूच होता, बॅन्डला कुणी थांबवायचं सांगितलं नव्हतं. कादरभाई बॉनेटला कान लावून वाकले होते. ते एकदम सरळ झाले आणि ओरडले, "ओ मास्तर! बंद करो जी बाजा! इंजिन सुनने दो!"

बाजा थांबला. अध्यक्ष, उपाध्यक्ष, फुलवाल्या पोरी, शेठजी, सगळे कान देऊन उभे राहिले.

काहीच ऐकू आलं नाही. गाडी वळली आणि वेरूळच्या दिशेनं उतरायला लागली.